दाखले, सातबारा आणि ऑनलाइन अर्ज: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की आणि खरिपाच्या कर्जाची वेळ आली की तेच प्रश्न नव्याने येतात. नाशिक शहर आणि जिल्ह्यातले पंधरा तालुके डोळ्यासमोर ठेवून त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकच गोष्ट अनेक ठिकाणी लागू होत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. दाखल्यासाठी कुठे जायचं? तहसील कचेरीत, सेतूत, की घरूनच होतं?

तिन्ही वाटा शेवटी एकाच टेबलावर पोहोचतात. उत्पन्न, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास, जात, नॉन-क्रिमीलेअर (मागासवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) हे सगळे अर्ज ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या पोर्टलवरूनच जातात. सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातला केंद्रचालकही तोच फॉर्म तुमच्या वतीने भरतो. फरक इतकाच, की केंद्रात स्कॅनिंग आणि फॉर्म भरण्याचं सेवाशुल्क लागतं आणि घरून भरला तर ते काम तुमचं.

जात, नॉन-क्रिमीलेअर यांसारखा कागदांचा गठ्ठा असलेला पहिलाच अर्ज असेल तर केंद्रातून भरलेला बरा. उत्पन्नाचा किंवा अधिवासाचा दाखला घरून सहज होतो. तहसील कचेरीत हाताने लिहिलेला अर्ज देऊन यायची पद्धत या दाखल्यांसाठी आता धरू नका. तसा अर्ज कुणी ठेवून घेतला तरी त्याला ऑनलाइन क्रमांक मिळत नाही, आणि क्रमांक नसेल तर पुढचं काहीच धड होत नाही (प्रश्न ३).

२. घरून अर्ज भरताना नेमकं काय तयार ठेवायचं?

मोबाइल क्रमांक, नाव, पत्ता देऊन पोर्टलवर एकदा नोंदणी करावी लागते. ओटीपी त्याच मोबाइलवर येतो, म्हणून सायबर कॅफेवाल्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर देऊ नका. सहा महिन्यांनी दाखला पुन्हा उतरवायचा झाला की तो नंबर लागतोच.

कागदपत्रं चार गटांत मागितली जातात: ओळखीचा पुरावा (आधार, पॅन, मतदार ओळखपत्र), पत्त्याचा पुरावा (वीजबिल, शिधापत्रिका, घरपट्टीची पावती), त्या दाखल्यापुरते खास पुरावे आणि स्वयंघोषणापत्र. पहिल्या दोन गटांत एकेक कागद पुरतो. ‘अनिवार्य’ लिहिलेल्या गटातले मात्र सगळे लागतात, आणि बरेच अर्ज इथेच चुकतात.

सर्वात जास्त वेळ जातो तो फाइलच्या आकारात. फोटो जेपीजी हवा, वजन ५ ते २० केबी, रुंदी १६० पिक्सेल, उंची २०० ते २१२ पिक्सेल. कागदपत्रांची प्रत्येक फाइल ७५ ते ५०० केबी. फाइल मोठी असेल तर नाकारली जाते हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण ७५ केबीच्या खालची फाइलही घेतली जात नाही. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो दाबला जाऊन इतका लहान होतो, की त्यावरची अक्षरं टेबलावरच्या कारकुनाला वाचता येत नाहीत. मोबाइलमधल्या स्कॅनर ॲपने मूळ कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा स्कॅन करा. शिधापत्रिकेची पहिली आणि शेवटची दोन्ही पानं एकाच पीडीएफमध्ये जोडा.

स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून आणा, असं कुणी सांगितलं तर आधी थांबा. मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने अशा दाखल्यांसाठी स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती चालतात. साध्या कागदावर लिहून सही केली की झालं. कायद्यानेच प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलेल्या कामांना ही सवलत नाही.

३. फॉर्म भरला, पैसेही गेले. पण पोच म्हणजे नेमकं काय?

पोच म्हणजे अर्ज क्रमांक, तारीख, सेवेचं नाव आणि दाखला मिळण्याची शेवटची तारीख छापलेली पावती. मोबाइलवरचा बँकेचा संदेश म्हणजे पोच नव्हे, आणि केंद्रचालकाने वहीच्या कागदावर लिहून दिलेला आकडाही नव्हे.

याचं महत्त्व कितीही सांगितलं तरी कमीच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या सेवा, ठरलेल्या मुदतीत मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि ती मुदत परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. पावती नसेल तर मुदत कधी सुरू झाली हे सिद्ध करता येत नाही. मग अपील नाही, तक्रारीला आधार नाही. राहतात फक्त हेलपाटे.

पैसे खात्यातून गेले पण अर्ज ‘अपूर्ण’ दिसतोय, असं अनेकदा होतं. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. काही वेळाने लॉगिन करून व्यवहाराची स्थिती तपासा. व्यवहार जुळला तर अर्ज आपोआप पुढे जातो. न जुळल्यास रक्कम बँकेमार्फत परत येते.

४. दाखला किती दिवसांत मिळायला हवा?

उत्पन्नाचा दाखला १५ दिवस. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र १५ दिवस. जातीच्या दाखल्याला यापेक्षा जास्त मुदत आहे, कारण त्यात पिढ्यांचे पुरावे तपासले जातात. प्रत्येक कार्यालयाने सेवांची यादी, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपील अधिकारी यांची नावं फलकावर लावलीच पाहिजेत. त्या फलकाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

मे ते जुलै या काळात तहसीलदारांच्या लॉगिनवर अर्जांचा ढीग साचतो. उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षाशी बांधलेला असल्याने नव्या वर्षाचा अर्ज १ एप्रिलनंतरच करता येतो. तो एप्रिलमध्येच करून टाका. निकालाची वाट पाहू नका.

५. मुदत उलटली, पोर्टलवर अजून ‘प्रलंबित’च दिसतंय. आता काय?

थेट पहिलं अपील करा. ‘साहेबांना भेटून बघतो’ यात आठवडे जातात, आणि अपिलाची मुदतही ३० दिवसांचीच आहे. दाखल्याची मुदत संपल्यापासून, किंवा अर्ज फेटाळल्याचं कळल्यापासून, हे ३० दिवस मोजायचे. सबळ कारण असेल तर अपील अधिकारी त्यानंतरही, पण जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत, अपील दाखल करून घेऊ शकतो.

अपील पोर्टलवरच अर्ज क्रमांक टाकून करता येतं. तहसीलदारांच्या दाखल्याचं पहिलं अपील साधारणपणे प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, जातं. नेमकं पद फलकावर (प्रश्न ४) पाहून घ्या. अपिलात लांबलचक गाऱ्हाणं मांडू नका. चार ओळी पुरतात: अर्ज क्रमांक अमुक, दाखल तारीख अमुक, मुदत अमुक तारखेला संपली, दाखला मिळाला नाही आणि कारणही लेखी कळवलं नाही. सोबत पोच जोडा.

पहिल्या अपिलाचा निर्णय ३० दिवसांत व्हायला हवा. समाधान न झाल्यास दुसरं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, तेही ३० दिवसांत. त्यानंतर तिसरं, राज्य सेवा हक्क आयोगाकडे, ६० दिवसांत. महसूल विभागवार आयुक्त असल्याने नाशिक विभागाची प्रकरणं मुंबईला जात नाहीत. पुरेसं कारण नसताना सेवा नाकारली किंवा लांबवली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

दंड होतो की नाही हा पुढचा भाग. बऱ्याच प्रकरणांत पहिलं अपील दाखल झालं की अर्ज हलतो, कारण प्रलंबित अपिलं वरिष्ठांच्या पटलावर स्वतंत्रपणे दिसू लागतात. हा हक्क लोक फार कमी वापरतात, आणि हेलपाटे घालण्याची सवय मोडायची असेल तर तो वापरायलाच हवा.

६. अर्ज त्रुटी काढून परत आला. नवा अर्ज करू का?

नाही. आहे तोच अर्ज उघडा, शेरा वाचा, मागितलेला कागद जोडून पुन्हा पाठवा. नवा अर्ज केला तर पुन्हा शुल्क, नवी तारीख आणि कधी कधी ‘एकाच व्यक्तीचे दोन अर्ज’ म्हणून दोन्ही अडकतात.

शेरा मोघम असेल, म्हणजे नुसतं ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढंच लिहिलेलं असेल, तर कोणता कागद हवा ते लेखी विचारा. अर्ज फेटाळायचा असेल तर कारणं लेखी द्यायची, हे कायद्यातच आहे. तोंडी सांगितलेली त्रुटी अपिलात धरता येत नाही.

७. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. काय करावं?

अर्ज अडकण्याचं हे सर्वात मोठं कारण आहे, आणि ते अर्ज भरण्याआधीच निस्तरायला हवं.

फरक तीन प्रकारचे असतात. पहिला, लेखनातला: आहेर आणि अहेर, किंवा इंग्रजी स्पेलिंगमधलं एखादं जास्तीचं अक्षर. माणूस एकच असल्याचं स्वयंघोषणापत्र आणि दोन्ही नावं असलेला एखादा जुना कागद दिला की हे बहुतेकदा मिटतं. दुसरा, बोलीतल्या नावाचा: सातबाऱ्यावर ‘रामभाऊ’ आणि आधारवर ‘रामचंद्र’. इथे ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याचा, अहवाल लागतो. तिसरा, खरोखर बदललेलं नाव. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, आणि इतर वेळी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची नोंद.

कोणता कागद आधी दुरुस्त करायचा यालाही क्रम आहे. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला हा पाया, मग आधार, मग पॅन आणि बँक. घाईघाईत आधी आधार बदलून घेतलं आणि शाळेचा दाखला तसाच राहिला, तर जात पडताळणीत तोच फरक पुन्हा वर येतो. आधारवरच्या नावात दोनदाच बदल करता येतो, म्हणून पहिल्याच वेळी अक्षर न् अक्षर तपासा.

८. उत्पन्नात कोणाकोणाचं धरायचं? आमची द्राक्षबाग आहे, पावती नाही की पगारपत्रक नाही.

दाखला कुटुंबाच्या उत्पन्नाचा असतो. विद्यार्थ्यासाठी आई-वडील दोघांचं. नोकरदाराने फॉर्म १६ किंवा वेतन प्रमाणपत्र द्यावं, व्यावसायिकाने आयकर विवरणपत्र. शेतकऱ्यासाठी सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याचा उत्पन्न अहवाल.

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात अडचण येते ती पीकपेऱ्यात. बाग उभी असते, पण गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, जुनंच पीक किंवा ‘पड’ दिसतं. ई-पीक पाहणी ॲपवर हंगामाच्या मुदतीत शेतकऱ्याने स्वतः नोंद केली नाही की असं होतं. मग अहवालाचा आणि सातबाऱ्याचा मेळ बसत नाही. पीकविमा आणि नुकसानभरपाईतही हाच मुद्दा आडवा येतो, तेव्हा पीक पाहणीची नोंद स्वतः करा.

किती वर्षांचा दाखला हवा ते आधी ठरवा. शिष्यवृत्ती आणि फी सवलतीला सहसा एका वर्षाचा लागतो, नॉन-क्रिमीलेअरला तीन वर्षांचा. चुकीचा काढला तर बदलून मिळत नाही, नव्यानेच काढावा लागतो.

९. वडिलांचा पगार आठ लाखांच्या वर आहे. नॉन-क्रिमीलेअर मिळणारच नाही का?

मिळू शकतं. गैरसमज इथे फार खोल आहे, आणि त्यापायी पात्र मुलं अर्जच करत नाहीत.

इतर मागासवर्गासाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. पण ती मोजताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. घरभाडं, व्यवसाय, व्याज अशा इतर मार्गांचं उत्पन्न सलग तीन वर्षं मर्यादेच्या वर असेल तर क्रिमीलेअर लागतं. नोकरदारांची कसोटी पदावर असते: आई-वडील सरकारी सेवेत कोणत्या गटात थेट नेमले गेले, हे पाहिलं जातं. शेतीची कसोटी जमिनीवर: बागायती जमीन सिलिंग मर्यादेच्या ८५ टक्के किंवा अधिक असेल तर सवलत जाते.

उमेदवाराचं स्वतःचं उत्पन्न यात येत नाही. लग्न झालेल्या मुलीसाठीही तिच्या आई-वडिलांचीच स्थिती पाहतात. नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला जोडल्याने अर्ज परत येतात.

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला याहून निराळा. त्यात पगार आणि शेतीसह सगळं उत्पन्न धरलं जातं, आणि केंद्राच्या भरतीसाठी ५ एकर किंवा अधिक शेती असलेलं कुटुंब बाद होतं. केंद्राच्या भरतीत दाखल्याचा नमुनाही वेगळा असतो. राज्याचा दाखला असूनही तिथे अडलेले उमेदवार दर वर्षी दिसतात.

१०. आम्ही तीस वर्षं सिडकोत राहतो, मूळ गाव धुळे जिल्ह्यात. जातीचा दाखला नाशिकला मिळेल?

जातीचा दाखला सध्याच्या पत्त्यावर ठरत नाही. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेला, तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या त्या तारखा.

त्या तारखेआधीचा एकतरी पुरावा हवा: आजोबांच्या शाळेचा दाखला, जन्म-मृत्यू नोंदवहीतला उतारा किंवा जातीचा उल्लेख असलेला जुना महसुली कागद. नाशिक जिल्ह्याचे जुने हस्तलिखित सातबारे आणि फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) महसूल विभागाच्या ई-अभिलेख पोर्टलवर स्कॅन करून ठेवले आहेत. मूळ गाव याच जिल्ह्यातलं असेल तर आधी तिथे शोधा. मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. घराण्याची वंशावळ स्वयंघोषणेसह द्यावी लागते, आणि तिच्यातलं प्रत्येक नाव पुराव्यातल्या नावाशी जुळायला हवं (प्रश्न ७).

दाखला ही पहिली पायरी. प्रवेश, नोकरी आणि निवडणुकीसाठी वैधता प्रमाणपत्र लागतं. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते आणि अनुसूचित जमातींसाठी वेगळी तपासणी समिती आहे. वडील, सख्खा भाऊ किंवा चुलते यांच्याकडे वैधता असेल तर ती जरूर जोडा. अकरावीतच अर्ज करा. बारावीच्या निकालानंतरची घाई समितीच्या कामाला मानवत नाही.

११. डाउनलोड केलेल्या दाखल्यावर सहीच्या जागी प्रश्नचिन्ह दिसतं. दाखला खोटा आहे का?

नाही. डिजिटल सही तपासण्यासाठी लागणारं मूळ प्रमाणपत्र तुमच्या संगणकाला माहीत नाही, एवढाच त्याचा अर्थ. संगणकावर ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडा, सहीवर उजवी क्लिक करून सहीचे तपशील उघडा, ‘सीसीए इंडिया’चं प्रमाणपत्र विश्वासार्ह म्हणून जोडा आणि सही पुन्हा तपासा; हिरवी खूण येते. मोबाइलवरचे बहुतेक पीडीएफ वाचक ही तपासणी करतच नाहीत.

छापलेल्या कागदावर डिजिटल सही उरत नाही. त्यावर असतो तो फक्त ठसा. म्हणून खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने क्यूआर कोड किंवा दाखल्याचा क्रमांक टाकून पोर्टलवर पडताळणी करायची असते. ‘यावर शाईची सही आणि गोल शिक्का आणा’ असं कुणी म्हटलं, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने डिजिटल सहीला हाताच्या सहीचाच दर्जा दिला आहे, हे त्यांना लेखी दाखवा. डिजिलॉकरमध्ये विभागाने जारी केलेला कागदही मूळ कागदासमान आहे. तुम्ही स्वतः फोटो काढून डिजिलॉकरमध्ये चढवलेल्या फाइलला मात्र हा दर्जा नाही.

१२. बाळंतपण माहेरी मालेगावला झालं, राहतो नाशिकला. जन्माची नोंद कुठे?

मालेगावला. जन्म किंवा मृत्यू जिथे घडला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते. रुग्णालयात बाळंतपण झालं तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झालं तर कुटुंबाची.

२१ दिवसांत नोंद विनाशुल्क. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यापुढे एका वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी. वर्ष उलटलं तर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यासाठी प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो आणि पुराव्यांची कसून छाननी होते.

बाळाचं नाव ठरलं नसेल म्हणून नोंद लांबवू नका. नावाशिवाय नोंद होते आणि नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, आधार, पासपोर्ट, मतदार यादी या सगळ्याला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे आई-वडिलांच्या नावांची स्पेलिंगं रुग्णालयाच्या फॉर्मवरच बघून घ्या.

१३. देवळाली कॅम्प, भगूर हे नाशिक महापालिकेतच येतं ना?

नाही. देवळाली कॅम्प छावणी परिषदेच्या हद्दीत आहे. तिथली जन्म-मृत्यू नोंद, मिळकत कर, पाणी हे ती पाहते आणि ऑनलाइन सेवा ‘ई-छावणी’ पोर्टलवर मिळतात. भगूरला स्वतःची नगर परिषद आहे. देवळाली गाव मात्र महापालिकेच्या नाशिकरोड विभागात येतं. महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, सिडको आणि सातपूर. काम विभागीय कार्यालयातच होत असेल तर शरणपूर रोडच्या मुख्यालयात जाऊन दिवस घालवू नका.

उत्पन्न, जात, अधिवास हे दाखले महसूल खात्याचे असल्याने या हद्दींचा त्यांच्याशी संबंध नाही.

१४. फुकट दिसणारा सातबारा आणि १५ रुपयांचा, फरक काय?

भूलेखवरचा मोफत उतारा फक्त पाहण्यासाठी. बँक, न्यायालय, शासकीय काम यांसाठी महाभूमीच्या डिजिटल सातबारा पोर्टलवरचा, १५ रुपये भरून मिळणारा, डिजिटल सहीचा उतारा घ्या. त्यावरचा पडताळणी क्रमांक टाकून कुणीही तो खरा आहे का हे पाहू शकतं.

शहराच्या जुन्या भागात सातबारा नसून मिळकत पत्रिका असते. मखमलाबाद, आडगाव, पाथर्डीसारख्या वाढत्या भागांत अजून बऱ्याच ठिकाणी सातबारा चालतो. एकाच जमिनीला दोन्ही दिसत असतील तर खरेदीआधी नगर भूमापन कार्यालयात खात्री करा.

१५. खरेदीखत झालं, पण फेरफार मंजूर होत नाही. कुठे अडलं हे कसं कळणार?

नोंदणीकृत दस्ताची माहिती दुय्यम निबंधकाकडून ऑनलाइनच गावाच्या दप्तरात जाते. ग्राम महसूल अधिकारी फेरफार घेतो, संबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो, हरकतीसाठी १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. ‘आपली चावडी’वर गाव निवडलं की नोटिशीची तारीख आणि नोंद कोणत्या टप्प्यावर आहे ते दिसतं.

अडण्याची नेहमीची कारणं अशी: विकणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर वेगळं, दस्तातलं क्षेत्र उताऱ्याशी न जुळणारं, इतर हक्कात सोसायटीचा बोजा, किंवा बाहेरगावच्या सहहिस्सेदाराला नोटीस न पोहोचणं. शेवटचं कारण सर्वात जास्त वेळ खातं. सगळ्या सहहिस्सेदारांचे चालू पत्ते तुम्हीच लेखी द्या. हरकत आली तर नोंद तक्रारीत जाते, सुनावणी होते आणि निर्णयावर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

१६. वडील वारले. वारस नोंद आणि उताऱ्यातल्या चुका ऑनलाइन होतात का?

वारस नोंदीचा अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीतून करता येतो. मृत्यूनंतर तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सर्व वारसांची नावं-पत्ते-वय-नातं असलेलं स्वयंघोषणापत्र जोडा. सर्व म्हणजे सर्व: लग्न झालेल्या बहिणींची नावं गाळली की पुढे वीस वर्षांनीही ती नोंद आव्हानात येते. बोजा कमी करणं, अज्ञान (अल्पवयीन) खातेदार सज्ञान झाल्यावर पालनकर्त्याचं नाव काढणं हेही ई-हक्कमधून होतं.

संगणकीकरणात झालेली लेखनाची चूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. हस्तलिखित उतारा (प्रश्न १०) आणि आजचा उतारा शेजारी लावून फरक दाखवा. हिश्शाचा किंवा मालकीचा वाद मात्र १५५ मध्ये बसत नाही. त्याला अपील किंवा दिवाणी न्यायालय.

१७. घरपट्टीवर नाव लागलं, म्हणजे घर नावावर झालं?

नाही. घरपट्टी आणि वीजबिल हे कर आणि वापराचे कागद आहेत, मालकीचे नाहीत.

१८. आजीचं निराधार योजनेचं अनुदान अचानक बंद झालं. बँक म्हणते आधार जोडलेलं आहे.

खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं थेट लाभ हस्तांतरासाठी निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहा, तिथे ज्या बँकेचं नाव दिसेल तिथेच पैसे जातात. मध्यंतरी दुसरं खातं उघडलं असेल तर रक्कम तिथे जमा होत असण्याची शक्यता मोठी. खातं बदलायचं तर बँकेत थेट लाभ हस्तांतरासाठी (डीबीटी) लेखी संमती अर्ज द्या. सीडिंग ठीक असेल तर तहसीलच्या संजय गांधी योजना शाखेत हयात प्रमाणपत्र झालं आहे का ते विचारा. आजीला चालवत नसेल तर तिचं आधार आणि पासबुक घेऊन घरच्या कुणीही एवढी चौकशी करता येते.

१९. अपील, माहिती अधिकार, लोकशाही दिन: कोणत्या वेळी काय?

दाखला मुदतीत मिळाला नाही तर अपीलच (प्रश्न ५). माहिती अधिकाराने दाखला मिळत नाही. आपली फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस होती आणि तिच्यावर काय टिपणी झाली, हे कळतं. अर्ज १० रुपयांचा, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. महाराष्ट्रात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. ‘का दिला नाही?’ असं विचारू नका. ‘अर्ज क्रमांक अमुकवरील सर्व टिपण्यांच्या प्रती द्या’ असं मागा. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर त्याच कार्यालयातल्या अपील अधिकाऱ्याकडे.

रस्ता, अतिक्रमण, मोजणीतली दिरंगाई असं अधिसूचित सेवेत न बसणारं गाऱ्हाणं असेल तर लोकशाही दिन. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज आगाऊ द्यावा लागतो. न्यायप्रविष्ट आणि नोकरीविषयक बाबी तिथे घेत नाहीत.

२०. केंद्रचालक फलकापेक्षा जास्त पैसे मागतो. कधी ‘दोन दिवसांत करून देतो’ असंही सांगतात.

फलकावरचा दर आणि छापील पावती यांत मेळ हवा. पावती मागितली की बहुतेक ठिकाणी आकडा खाली येतो. येत नसेल तर केंद्राचं नाव, तारीख, अर्ज क्रमांक यांसह तहसीलदारांकडे लेखी तक्रार द्या.

‘दोन दिवसांत’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. जुन्या दाखल्याच्या फाइलवर नाव बदलून छापलेले कागद असेच हाती पडतात. दाखला मिळताच क्यूआर कोड स्वतः तपासा: पोर्टलवर उघडलेल्या नोंदीत नाव, रक्कम आणि वर्ष तेच हवं, आणि उघडलेल्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपायला हवा. बनावट दाखल्यावर घेतलेला प्रवेश नंतर रद्द होतो आणि गुन्हा अर्जदारावरही दाखल होतो, दाखला कुणीही बनवून दिलेला असला तरी.